आड येणारा

माझा थोरला भाऊ हरिश्चंद्र, आमचा भाई, गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालायचा. लग्न असो की दुखणं, नारळ हातात धरून भाई मागणार आणि गाव एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणणार. आवाज असा खणखणीत की ऐकू आलं नाही म्हणायची सोय देवालाही नव्हती.

चौऱ्याऐंशी साली आमच्या व्हाळाचं, म्हणजे गावच्या ओढ्याचं पाणी पायपानं मालवणच्या किनाऱ्याकडे न्यायचं ठरलं. तिकडच्या विहिरी खाऱ्या. सुकी मासळी विकायला येणारी नूरबानो परत जाताना कळशीभर पाणी घेऊन जायची, म्हणजे तहान काही खोटी नव्हती. उन्हाळ्यात गावापुरतं ठेवूनच नेऊ, असं पाणीखात्याचे साहेब तोंडानं म्हणाले, आणि पंप सुरू करायच्या दिवशी भाईलाच गाऱ्हाणं घालायला लावलं. भाई मनापासून बोलला. सवयीनं शेवटचं वाक्यही बोलून गेला, "जो कोण ह्येच्या आड येयत, तेका तू बघून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

फाल्गुनात पंपाच्या खालचा व्हाळ आटला. आमचं उन्हाळी भात, वायंगण, पोटरीत असतानाच करपायला लागलं. गुरं चिखल चाटायची. साहेबांकडे खेटे घातले, तर 'बघतो' यापलीकडे उत्तर नाही. पंपाशी एक लोखंडी चाक होतं, ते फिरवलं की पाणी पुन्हा व्हाळात. पोलिसाला कोणी भीत नव्हतं, पण चाकाला हात कोण लावणार? आड येणाऱ्याचं काय करायचं ते सगळ्यांनी मिळूनच देवाला सांगून ठेवलेलं. मेल्यांच्या जिभेला हाड नव्हतं तेव्हा!

शेवटी भाईच निघाला, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. सुशीला वहिनीनं हात धरला, तर तिला म्हणाला, "शब्द माझो, तर भोगूक पण मीच." आणि गेला, पण चाक पुरतं फिरवलंच नाही. अर्धं पाणी आम्हाला ठेवलं, अर्धं किनाऱ्याकडे जाऊ दिलं. त्यांनाही तहान आहे म्हणाला. साहेब येऊन आरडाओरडा करून गेले, पण चाक अर्ध्यावरच राहिलं. भात वाचलं.

त्या पावसाळ्यात वहिनीला शेतात पान लागलं. साप चावला की आमच्याकडे तसंच म्हणतात. ती गेली. साप काय, दरवर्षी कुणाला तरी चावतोच. पण गावानं माना डोलावल्या. त्यानंतर भाईच्या घरी कुणी पाणी पिईना, गाऱ्हाण्याला भाईऐवजी गावातल्या महादूला बोलावू लागले. त्याच अर्ध्या पाण्यावर पिकवलेला भात खाऊन हे सगळं, बरं का! माझं डोकं फिरायचं.

जत्रेच्या दिवशी महादू व्हाळाला पाणी मागत होता आणि गाव व्हय म्हणत होतं. भाई देवळाबाहेर उभा होता, तोंड मिटून. मला राहवलं नाही. मी विचारलं, "व्हय तर सगळ्यांनीच म्हटल्यानी ना रे? मगे तू एकटोच कित्याक?"

भाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तेंनी निसता व्हय म्हटल्यानी गो," तो म्हणाला. "मागलंय मी."