सातव्या मिनिटाआधी

माझ्या मामाचा स्वभाव सांगायचा तर एवढं पुरे की मामीशी भांडतानासुद्धा त्याची नजर घड्याळावर असायची. मामी तावातावाने बोलत असायची, मध्येच शेजारीण दारात यायची आणि मामीला आवाज खाली आणावा लागायचा. शेजारीण गेली की मामा म्हणायचा, "कर सुरू. तुझी अजून दोन मिनिटं आहेत." मग मामी हातात असेल ते उगारायची आणि भांडण हसण्यावारी जायचं.

आठवडाभर तो एका शिलाई कारखान्यात कटर होता. कापडाचे चाळीस थर टेबलावर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि त्या रेघेवरून मशीनचं पातं न्यायचं. हात अर्धा इंच हलला की चाळीस शर्ट वाया. रविवारी मात्र तो फुटबॉलचा रेफरी. कारखाने, छापखाने, बेकऱ्या, बसडेपो अशा कामाच्या ठिकाणच्या टीमची एक लीग होती. खेळणारे सगळे बायकामुलांचे धनी, काहींची पोटं सुटलेली, काहींचे गुडघे कुरकुरणारे. पण मैदानात उतरले की एकेकाच्या अंगात यायचं. मी मामाच्या हाताखाली लाइनवर झेंडा घेऊन पळायचे. लाइनवर बाई बघून सुरुवातीला पुष्कळांनी नाकं मुरडली. मी त्यांचे चार गोल ऑफसाइड दिले, मग ती आपोआप सरळ झाली.

लोकांना वाटतं, नव्वद मिनिटं भरली की शिट्टी, त्यात काय एवढं. तसं असतं तर रेफरीऐवजी मैदानात गजराचं घड्याळ ठेवलं असतं. मामाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. डावं कधी थांबायचं नाही. उजवं तो थांबवायचा: कोणी लागून पडला, खेळाडू बदलायला वेळ लागला, गोल झाल्यावर मिठ्या संपेनात, कोणी मुद्दाम बूट बांधत बसला, की उजवं बंद. दोन्हीतला फरक तो हाफ संपता संपता बोटांनी मला दाखवायचा, आणि तेवढा वेळ पुढे खेळवायचा. तो ठरवणार रेफरी, एकटा. एकदा सांगितलेला वेळ वाढवता येतो, कमी करता येत नाही. पेनल्टी दिलेली असेल तर वेळ संपून गेला तरी ती मारू द्यावीच लागते. आणि एक गोष्ट नियमांच्या पुस्तकात नाही, तरी बहुतेक रेफरी पाळतात. बॉल गोलच्या तोंडाशी असताना शिट्टी वाजवायची नाही. कोणीतरी तो लांब मारू दे, मधल्या रेघेकडे येऊ दे, मग वाजवायची.

"संपलं, हे ऐकायला माणूस कधीच तयार नसतो गं ठमे," मामा म्हणायचा. ठमी मीच. चाळिशी ओलांडली तरी मामाने नाव बदललं नाही.

ती मॅच छापखान्याची होती. छापखान्याच्या टीममध्ये दोन सख्खे भाऊ. थोरला गोलकीपर, धाकटा त्याच्या पुढ्यात बचावाला. थोरला मागून सतत ओरडायचा आणि धाकटा मागे न बघता हात हलवून "कळलं, कळलं" करायचा. त्र्याऐंशीव्या मिनिटाला थोरला पडला. कोणी धक्का दिला नव्हता, बॉल पार दुसऱ्या टोकाला होता. नुसता उभा होता आणि गोलच्या तोंडाशी पालथा झाला.

मामाने शिट्टी वाजवली, उजवं घड्याळ थांबवलं. अँब्युलन्स आली. आम्हाला सगळ्यांना मागे सारलं होतं, फक्त धाकटा जवळ होता. स्ट्रेचर उचलताना भावाच्या हातातले मोजे त्यानेच काढले. गाडी गेली. मामा त्याच्याकडे गेला तेव्हा तो ते मोजे स्वतःच्या हातात चढवत होता. बदली खेळाडू संपले होते, गोलमध्ये कोणीतरी उभं राहायलाच हवं होतं.

"सर, किती राहिली?" त्याने विचारलं.

"सात," मामा म्हणाला.

मामाला मॅच तिथेच थांबवता आली असती. रेफरीला तो अधिकार असतो. उरलेल्याचं काय करायचं ते लीगने नंतर बघितलं असतं. पण थांबवा असं कप्तान म्हणाला नाही, भाऊ म्हणाला नाही, आणि राहिलेली मिनिटं पुरी करणं मामाच्या रक्तात होतं. त्याने खेळ सुरू केला.

तसला खेळ मी पुन्हा बघितला नाही. समोरची टीम गोलवर मारायलाच तयार नव्हती. बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोनदा मामा गोलजवळून गेला आणि दोन्ही वेळा धाकट्याने तेच विचारलं, "सर, किती?" मामाने एकदा चार सांगितली, एकदा दोन. नंतर बॉल मधल्या रेघेपाशी आला आणि मामाने शिट्टी वाजवली.

मी माझ्या घड्याळात बघितलं. सहा मिनिटं आणि वर वीस सेकंद.

रेफरीने चुकून लवकर वाजवली तर लाइनवाल्याने झेंडा वर करून त्याला सांगायचं असतं. टीमना परत बोलावता येतं, राहिलेलं खेळवता येतं. मी झेंडा काठीला गुंडाळला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. जाऊ दे त्याला लवकर, असंच मनात आलं. पण धाकटा पळाला नाही. तो गोलमध्येच उभा राहून मामाकडे बघत होता. त्याच्या टीमने त्याला वेढा घातला, "अरे जा, जा" म्हणून ढकलला, तेव्हा कुठे तो निघाला. संध्याकाळी कळलं, थोरला गेला.

मामा दुसऱ्या दिवशी कामावर गेला, पुढच्या रविवारच्या मॅचलाही आला. वरून काही दिसत नव्हतं. पण मॅच सुरू करायच्या आधी रेफरी दोन्हीकडची माणसं मोजतो, ती तो पुन्हा पुन्हा मोजायला लागला. बोट हवेत, ओठ हलतायत, मध्येच थांबला, पुन्हा पहिल्यापासून. खेळाडू चिडवायला लागले, "सर, शाळेत परत जा." मला आधी हसू आलं. तिसऱ्या मॅचला, हाफटाइमला, मी कपडे बदलायच्या खोलीत त्याला गाठलं.

"काय चाललंय तुझं?"

मामा बुटाची नाडी आवळत होता. वर न बघता म्हणाला, "तेवीस भरतायत."

"काहीतरीच काय! अकरा आणि अकरा बावीस."

"बावीस उभे असतात," तो म्हणाला. "एक पडलेला असतो."

मी वेड्यात काढलं त्याला, डोळे तपासून घे म्हटलं, झोप होत नाही तुझी म्हटलं. आणि दुसऱ्या हाफच्या आधी लाइनवर उभी राहून गुपचूप मी स्वतः माणसं मोजली. बावीस होती. तरी गोलच्या तोंडाकडे बघायचं मी टाळलं.

मग त्याच्या मॅच संपेनाशा झाल्या. दोन्ही घड्याळं पुढे निघून जायची, बॉल मधल्या रेघेला येऊन जायचा, आणि मामा शिट्टी तोंडात धरून नुसता पळत असायचा. आठ मिनिटं जास्त, दहा मिनिटं जास्त. लाइनवरून मी झेंडा हलवून हलवून दमायचे. एकदा तर बेकरीच्या टीमने अकराव्या जादा मिनिटाला गोल खाल्ला आणि मैदानावर मारामारीची वेळ आली. घरी येताना मी त्याच्यावर भडकले. तो शांतपणे म्हणाला, "तो पडलेला असताना खेळ संपला असं कसं म्हणू, ठमे?"

लीगच्या चिटणीसांनी त्याला विश्रांती घ्यायला सांगितलं. मामा मुकाट्याने घरी बसला. पण तिकडे कारखान्यात त्याचा हातही अडायला लागला. मामी सांगायची, खडूची रेघ आखून होते आणि हा पातं हातात धरून उभा. सुरू केलं तर संपवावं लागेल, याचीच धास्ती. चाळीस वर्षांचा हात, आणि मालक आता त्याला बटणं मोजायला बसवायचं म्हणत होता.

एका दुपारी तो माझ्याकडे आला आणि पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. त्याला एकच गोष्ट खात होती. थोरला गाडीत शुद्धीवर आला असेल का? भावाला शोधत असेल का? "मी खेळ सुरू करून धाकट्याला अडकवून ठेवला. भावाभावांची शेवटची भेट माझ्यामुळे चुकली की काय, एवढं मला कळायला हवं. दोन वर्षं झाली, विचारायला धीर होत नाही."

"चल मग, आत्ताच विचारू," मी म्हटलं. मला असल्या कुढण्याचा मनस्वी कंटाळा आहे. आणि खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझंही मन साफ नव्हतंच.

छापखान्यात जेवणाची सुट्टी होती. धाकटा मागच्या अंगणात कागदाच्या रिळावर बसून चहा पीत होता. नखांत शाई, केस कानांपाशी पांढरे झालेले. त्या मॅचनंतर त्याने फुटबॉलला पाय लावला नव्हता. आम्हाला बघून तो उठला, दुसरं रीळ पुढे सरकवलं. "बसा सर. ताई, तुम्हीही बसा."

मामाने ताकाला जाऊन भांडं लपवायला सुरुवात केली. गणवेश कुठून शिवता, कापड आटतं का, खांद्यात घट्ट होतात का. धाकटा बिचारा उत्तरं देत होता. शेवटी माझा संयम सुटला. "मामा, विचार ना!"

मामाने घसा साफ केला. "त्या दिवशी मी मॅच थांबवायला हवी होती. तू गाडीतून गेला असतास. तुमची भेट झाली असती."

धाकट्याने कप खाली ठेवला. "भेट झाली होती, सर. मैदानावरच."

"म्हणजे?"

"गाडीतल्या माणसाने नाडी बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मीच त्याला म्हटलं, मॅच संपेपर्यंत कुणाला सांगू नका." तो सावकाश बोलत होता. "आई घरी होती. आम्ही दोघं एकदम घरी यायचो, ती दार उघडंच ठेवायची. शिट्टी वाजली की मला जाऊन तिला सांगायचं होतं. तोपर्यंत तो नुसता पडला होता. सगळ्यांच्या लेखी नुसता पडला होता."

"म्हणून विचारत होतास? किती राहिली ते?"

"हो. अजून आहेत ना, ते बघायला."

मामाचा चेहरा मी शेजारून बघत होते. दोन वर्षं तो ज्या ओझ्याखाली वाकला होता ते खाली उतरलं होतं. तिथेच उठला असता तर हलका होऊन घरी गेला असता. पण मामा तो मामा. कुणाला चुकीचा वेळ सांगून गप्प बसणं त्याला जमत नव्हतं.

"मी सातला वाजवली नाही," तो म्हणाला. "सहालाच वाजवली."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "मी मनात साठ-साठ मोजत होतो. सातव्यातले वीस झाले होते. वाजवलीत तरी तिथेच उभं राहून उरलेले मोजायला बघितलं. पण सगळे येऊन 'जा, जा' करायला लागले." तो मामाकडे बघत राहिला. "तुम्ही तर कधी कुणाचा सेकंद कापत नाही, सर. तेव्हाच का?"

मामा पुटपुटला, "तुझी दया आली."

"दया सगळेच करत होते," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण मात्र उघड होतं. "तुम्ही तेवढं घड्याळ बघायचं होतंत."

आत घंटा झाली, मशीन सुरू झाली. त्याने आपला कप उचलला, "येतो" म्हणाला आणि गेला.

रस्त्यावर आल्यावर चालता चालता मामाने विचारलं, "तुझ्या घड्याळात किती झाली होती गं?"

दोन वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"सहा," मी म्हटलं. "वर वीस सेकंद."

"मग झेंडा?"

"मला वाटलं, सुटला बिचारा."

"मलाही तेच वाटलं," मामा म्हणाला आणि थांबला. मीही थांबले. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. आम्ही दोघं तिथे फुटपाथवर कितीतरी वेळ उभे होतो, आणि आता निघू या, असं आधी कोणी म्हणायचं ते आमचं ठरेना.