खोट्या जेवणांची वही

आहारतज्ज्ञ बाईंनी नाकाला रुमाल लावला.

मी फक्त सांगितलं होतं, काल रात्री भात आणि सुक्या बोंबलांचं कालवण. वास यायला त्या खोलीत बोंबील नव्हताच. होते मी, धुतलेली साडी नेसलेली, अर्नाळ्याच्या कोळ्याची मुलगी, तुळिंजच्या एका शाळेत ग्रंथपाल.

मूल हवं होतं. आईला मधुमेह, माझं वजन जास्त. दिवस जाण्याआधी वजन उतरवा, खाणं सुधारा, नाहीतर गरोदरपणात साखर वाढू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चांगलं सांगितलं होतं. म्हणून या बाईंकडे आले होते.

"भात किती?"

"दोन्ही वेळा. सकाळी कधी रात्रीचा उरलेला."

"अहो, पोट आहे की पातेलं?" मदतनीस मुलगी फिसकन हसली. "शिकलेल्या दिसता. मग खाणं असं का तुम्हा लोकांचं? रोज काय खाता ते वहीत लिहून आणा."

मी वही केली. पुस्तकांची नोंद करते तशी, रेघा आखून. आणि पहिल्याच पानावर खोटं लिहिलं. ओट्स. काकडी-गाजराचं सॅलड. भिजवलेले बदाम. शाळेत येणाऱ्या मासिकांत आहाराची सदरं असतात, त्यातून उतरवून काढलं. घरी भातच खात होते. चहात तीन चमचे साखर. चालायलाही जात नव्हते. वहीत मात्र रोज अर्धा तास चालत होते.

बाईंनी पानं उलटली. खूश झाल्या.

"बघा, जमतं ना माणसासारखं खायला!"

मी हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. त्यांच्या रुमालापेक्षा जास्त.

काही महिन्यांनी दिवस गेले. सहाव्या महिन्यात साखर वाढलेली निघाली. वही पुन्हा बाईंच्या पुढ्यात. "खाणं तर उत्तम आहे. हेच चालू ठेवा." मी तेव्हाही मान डोलावली. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं. साखर खाली येईना, कुणाला कारण कळेना. मला कळत होतं.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती.

आईने नंतर एकदाच विचारलं, "बाय, खरा का नाय सांगितला तिला?"

ज्या मासळीवर आईने मला शिकवलं, तिचं नाव घ्यायची मला लाज वाटली, हे तिला कसं सांगणार? सांगितलं नाही. पण त्या दिवशी वही काढून पहिल्यापासून वाचली. कित्येक महिन्यांची जेवणं. एकही घास माझा नव्हता.

वर्ष झालं. पुन्हा मूल हवं आहे, पण साखर अजून जास्तच आहे. गेल्या महिन्यात त्याच बाईंसमोर बसले. नव्या वहीत तीन आठवड्यांचं खरं खाणं होतं. भात, सुकट, गोड चहा, शाळेतल्या वाढदिवसाचा केक.

"हे काय? परत तेच तुमचं..."

"बाई, तुम्ही नाक धरलंत म्हणून मी आधीची वही खोटी लिहिली. खोटं माझं. ते लिहायला लावलंत तुम्ही. आता हे वाचा. यातलं काय कमी करू, सांगा."

मदतनीस मुलगी हसली नाही. बाई खाली बघून वाचू लागल्या. मग एकेक सांगत गेल्या. भात एक वाटी. आधी भाजी, डाळ. सुकं कमी, ताजी मासळी चालेल. चहा बिनसाखरेचा. रोज अर्धा तास चालायचं, खरोखरचं. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं.

एवढंच. हे पहिल्या दिवशीही सांगता आलं असतं. माझी मुलगी वाचली असती की नाही, कोणी सांगू शकत नाही. मीही सांगत नाही.

बाईंनी माफी मागितली नाही. मला ती नकोच होती.

सासूबाई म्हणतात, "वय वाढतंय, किती थांबायचं?" मी सांगितलं, साखर ताब्यात आल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत मूल नाही. दर तपासणीला मी हजर असेन. काय खाल्लं ते मोठ्याने सांगेन, समोरच्याला ओकारी आली तरी.