विहिरीची सरळ रेषा

वसंता गेल्याची तार आली तेव्हा मी साताऱ्यात कचेरीत होतो. तार वाचली, घडी घातली आणि पुढच्या कागदावर सही केली. महिना झाला, त्या सहीची लाज अजून गेलेली नाही.

वसंता सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवायचा. फळ्यावर रेघ मारतानाही पट्टी लावणारा माणूस. भाकरीसुद्धा मोजून मोडशील, असं आम्ही त्याला चिडवायचो. गाव कडेगाव. शेती त्याचे थोरले बंधू नाना बघत. बहात्तरच्या दुष्काळानंतर नानांपुढे एकच प्रश्न होता, विहीर यंदाच खोल करायची की पुढच्या साली? वसंताच्या सांगण्यावरून ते दिवाळीपासून दोन्ही अष्टम्यांना, पौर्णिमेला नि अमावस्येला काठापासून पाण्यापर्यंत दोर सोडून मोजणार होते. पण अमावस्येला नाना विहिरीत दोर सोडत नसत. तेवढं घर तक्त्यात रिकामं राही. होळीनंतर वसंता तो तक्ता घेऊन पुण्याला माझ्याकडे आला. मी तेव्हा तिथं संगणकावर काम करायचो.

"ह्यातनं सरळ रेष काढ, गड्या. पानी कवा आटंल ते कळंल."

हातानं तासा-दोन तासांचं काम, पण यंत्र चुकत नाही अशी त्याची श्रद्धा. मीही ऐटीत फोर्ट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिला, आकड्यांची कार्डं भोकं पाडून तयार केली. उत्तर आलं, पाणी पावसाळ्यापर्यंत पुरेल. नानांनी खोदाई पुढं ढकलली.

चैत्र संपायच्या आत विहीर आटली. ऊस वाळायला लागला तसे नाना घाईनं, कडेला आधार न लावताच, तळ खोदायला उतरले... दरड कोसळली.

तेराव्यानंतर मी कार्डं काढून बसलो. रिकामी जागा यंत्र शून्य म्हणून वाचतं, हे मला शिकवलेलं होतं. म्हणजे दर अमावस्येला विहीर काठोकाठ भरलेली, असं मी यंत्राला सांगितलं होतं. कार्डं जाळून टाकली. वसंताला बोललो नाही. भ्यालो, दुसरं काही नाही. पुढच्याच वर्षी ती नोकरी सोडून साताऱ्याला आलो.

परवा सांगलीला वसंताच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी त्याची एक वही पुढे ठेवली. तोच तक्ता, अमावस्या वगळून, हातानं मांडलेला. रेषा चैत्रातच तळाला टेकत होती. वर तारीख नानांच्या वर्षश्राद्धाची.

"त्यास्नी ठावं हुतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "म्हनायचे, त्यो आपनहून सांगंल."

त्यानंतरही वसंता वर्षानुवर्षं माझ्याकडे येत राहिला. चहा व्हायचा, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. निघताना चपला घालून दारात थांबायचा नि विचारायचा, "आनि काय, गड्या?"

मी म्हणायचो, "काही नाही."

तो जरा वेळ तसाच उभा राहायचा... मग जिना उतरायचा.