कप्तान बिजलीचं लग्न

पाणीपुरवठा खात्यातला कारकून सहादू १९७९ साली मोठ्या संकटात सापडला. त्यानं एका मुलीचं लग्न तिच्या घरच्यांना न विचारता ठरवून टाकलं होतं. मुलगी म्हणजे अवकाशयानाची कप्तान बिजली. ती राहायची शेंदऱ्या नावाच्या ग्रहावर, पण घरचे नाशकातच होते.

शेंदऱ्या तिघांच्या सामाईक मालकीचा. कॉलनीच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकात सहादू, शिक्षिका यशोदाबाई आणि लासलगावला कांद्याची आडत असलेले खंडेराव, तिघंही दरवर्षी याच ग्रहावरच्या विज्ञानकथा लिहीत. नियम एकच: एकानं लिहिलं ते बाकीच्यांनी मानायचं. त्यामुळे सहादूच्या कृपेनं तिथे नळाला एक दिवसाआड पाणी येई, यशोदाबाईंमुळे परग्रहवासी उठाबशा काढत, आणि खंडेरावांमुळे जुन्या यानांचा लिलाव होई.

सहादूचा नायक, यंत्रज्ञ सुकुमार, कित्येक अंक एकटाच पाइप जोडत फिरत होता. सहादूला त्याची दया आली. यंदाच्या कथेत त्यानं त्याची गाठ बिजलीशी बांधली आणि अंकात उतरवण्याआधी कथा रिवाजाप्रमाणे वाचनालयात वाचून दाखवली. बिजली खंडेरावांची. संसाराच्या वाटेला न गेलेल्या त्या माणसानं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं.

"सहाद्या, पोरगी काय रस्त्यावर पडली व्हती?" खंडेराव कडाडले. "ग्रहावरची हवा कोणाच्या कथेतून आली?"

"तुमच्या."

"आता काढून घेतो. बसा गुदमरत!"

सहादूचा चेहरा उतरला. हवा गेली की सुकुमार मेला. आणि कथा मागे घ्यावी, तर इतक्या वर्षांनी पोराचं कुठे जुळत होतं!

"अहो, रीतसर मागणी घाला ना," यशोदाबाई म्हणाल्या. "मी येते मुलाकडून."

रविवारी सहादू कडक इस्त्रीचा सदरा घालून यशोदाबाईंसह खंडेरावांकडे गेला. खंडेरावांनी स्वतः पोहे केले होते, तेही खोबरं घालून.

"पोरगा काय करतो?"

"पाइपलाइन. नोकरी कायम आहे," यशोदाबाई म्हणाल्या.

"लग्नानंतर बिजली यान सोडणार नाय."

"सोडूच नये. मुलगा डबा पोचवील."

"आन् लगीन लावणार कोण?"

"यानाचा कप्तान!" सहादू उत्साहानं म्हणाला.

"कप्तान तीच हाय, गाढवा!"

यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी नोंदणी पद्धतीवर तडजोड झाली.

मग खंडेराव उपरण्यानं डोळे टिपत म्हणाले, "लय लाडाची हाय ती. तिला एक दिवसाआड पाणी चालायचं नाय."

"रोज येईल," सहादू छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझा शब्द."

खात्यात इतकी वर्षं काढली, पण असा शब्द त्यानं आजवर कुणालाही दिला नव्हता.

"मग हवा ऱ्हाऊ दे," खंडेराव म्हणाले. "पण पहिला दिवाळसण आमच्याकडं. पुढच्या अंकात जावई माझ्या यानावर आला पायजे."

"अंगठी घालणार ना त्याला?" सहादूनं हळूच विचारलं.

"आधी पाणी सोड!"