बेलेटच्या परसातला धूर

माइन्झमध्ये आमच्या शेजारी बेलेट ही ज्यू बाई राही. नवरा गेल्यावर कातडी खरवडून लिहायची पानं करायचा त्याचा धंदा तिनं चालवला, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला, मेनाखेमना, सांभाळलं. ठरलेलं काम ठरल्या घटकेलाच झालं पाहिजे, हा तिचा हट्ट.

त्या वसंतात जेरुसलेमच्या लढाईला निघालेली माणसं खांद्यावर कापडी क्रूस शिवून गावात जमली. जाण्याआधी इथल्या ज्यूंनाच संपवू, असं उघड बोलत. सम्राटानं दवंडी पिटवली: ज्यूला जखम करील त्याचा हात तोडू, जीव घेईल त्याचा जीव घेऊ. पण दवंडीवर किती विसंबायचं? बेलेटचे लोक डोंगरावरच्या किल्ल्यात गेले. मेनाखेमना हलवणं शक्य नव्हतं, म्हणून ती मागे राहिली. दार बंद, चूल बंद. परसातून मी अन्नपाणी देई. घर रिकामं आहे, असंच गल्ली समजत होती.

बुधवारी सकाळी तिच्या परसातून धूर निघाला. मी धावले.

"अगं वेडे, विझव ते! अख्ख्या गल्लीला दिसतंय!"

"उद्या वल्हांडणाचा सण, हेडविगताई. आंबवलेल्या पावाचा कण घरात चालत नाही. जाळायची वेळ हीच."

"कण राहिला तर राहू दे. तू राहशील का?"

तेवढ्यात दारावर लाथ बसली. "रिकामं घर धूर काढतंय रे!" बाहेर हशा पिकला. फळी करकरली. बेलेटनं जाऊन स्वतःच कडी काढली.

"मोडू नका. सुतार मिळत नाही हल्ली."

तिघं होते. पुढे एबरविन गवंडी, हातात कुऱ्हाड. माझी भिंत त्यानंच बांधली होती.

"म्हातारा कुठाय?"

"आत निजलेत. कुठल्या हातानं मारणार?"

"काय?"

"हातोडा कुठल्या हातात धरता? हात तोडणार म्हणाला दवंडीवाला, कुठला ते नाही सांगितलं. या ताई मठात शिकल्यात, सगळं लिहून ठेवतात. नाव काय लिहायचं?"

मी म्हणाले, "एबरविन. उजव्या हातानं काम करतो."

"मार की!" मागचा ओरडला. "बाईला भ्यालास?"

"तुझा हात जाणारे का? ये पुढं, तू मार!"

तो पुढे आला नाही. एबरविननं कुऱ्हाड खाली केली, उंबऱ्यावर थुंकला आणि वळला. बाकीचे त्याच्यामागे गेले.

मी कडी लावली. बेलेट परसात गेली आणि अर्धवट जळालेला तुकडा काठीनं निखाऱ्यात ढकलू लागली.

आतून हाक आली, "सूनबाई, कोण होतं?"

"गवंडी होता, मामंजी. आपल्याकडे काम नाही म्हटलं."