उशीखालचा नीलम

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढे बसले तरी याच गोष्टीपाशी येऊन जीभ अडते — त्याला तर ठाऊकच असणार म्हणा. तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या कडेला आमचा गुलाबाचा मळा. आई संधिवातानं अंथरुणाला खिळलेली आणि तिचं सगळं करायची ती ताई. अंघोळ घालणं, शौचाला भांडं देणं, कूस बदलून देणं. ताईची तिशी जवळ आली तरी लग्न जमत नव्हतं. आणि मी? मी केसांना क्लिपा लावून कॉलेजात.

गुरुजी म्हणाले, ताईला साडेसाती आहे, खडा घाला. नाना, म्हणजे आमचे वडील, आम्हा दोघींना सराफ बाजारात घेऊन गेले. सराफानं दोन खडे पुढ्यात ठेवले. पिवळा पुष्कराज गुरूचा — मुलींच्या लग्नासाठी बहुतेक हाच नेतात, सोन्यात, अंगठ्याशेजारच्या बोटात. गुण सावकाश, पण लाभला नाही तरी वाकडं करत नाही. निळा नीलम शनीचा. लाभला तर झटक्यात, नाही लाभला तर होत्याचं नव्हतं! म्हणून तो आधी तीन रात्री उशीखाली ठेवून बघायचा. वाईट स्वप्न पडलं की परत. पुढे कधीतरी कळलं, दोन्ही खडे मुळात एकाच जातीचे, रंग तेवढा निराळा. एका घरच्या दोन बहिणी म्हणा ना.

नाना म्हणाले, "सावकाश लय झालं. नीलमच द्या."

ताई आणि मी एकाच गादीवर झोपायचो, म्हणून नानांनी मला बजावलं, "ही झोपेत काय करते, ध्यान ठेव गं. तिला सकाळी आठवायचं नाय."

पहिली रात्र गेली, आणि दुसऱ्याच दिवशी कळवणहून स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. ताई लाजलीबिजली नाही — पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं त्याचा फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिली. नाना तर हरखलेच. नीलम लाभला! घरात शिरा झाला. मी शिरा खात होते आणि आतून आईची हाक आली, "भांडं दे गं." हाक ताईला होती. पण माझा घास तसाच राहिला. ताई गेली की ही हाक कुणाला?

एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

तीन रात्री संपल्या. सकाळी नानांनी विचारलं, तर मी खाली बघत म्हटलं, "ताई ओरडत होती. 'नको, नको' म्हणत होती."

"अगं, मला तर गाढ झोप लागली होती," ताई म्हणाली.

"तुला कसं कळणार?" — हेही मीच म्हटलं. तिचा विश्वास बसला हो माझ्यावर! गालाखाली हात घेऊन ती किती शांत झोपली होती, ते मी या डोळ्यांनी बघितलं होतं.

नीलम परत गेला. त्याच्या गुणानं आलेलं म्हणून स्थळालाही नकार गेला. वाईट खड्यानं आणलेलं चांगलं कसं निघेल, असं नाना म्हणाले, आणि घरात कुणालाच ते वावगं वाटलं नाही. मास्तराचं लग्न त्यानंतर वर्षभरानं झालं. वर्षभर! रोज सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मग ताईच्या बोटात पुष्कराज आला. लग्न झालं ते माझं. ताईनंच हौसेनं केलं, रुखवतसुद्धा तिनं मांडला. आईचं भांडं मला एकदाही उचलावं लागलं नाही. पुढे आई गेली, नाना गेले. आता ताईचं बोट वाळलंय. अंगठी निसटू नये म्हणून ती तिला दोरा गुंडाळते.

ताई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा माझी लेक हट्ट धरून बसली — मावशीजवळच झोपायचं. ताईनं तिचा मुका घेतला आणि आपली सतरंजी उचलून स्वयंपाकघराकडे निघाली.

"नको गं बाई. मावशी झोपेत ओरडते. घाबरशील."

इतकी वर्षं ती कुणाजवळ झोपलेली नाही.

मी तिला उशी नेऊन दिली.