गव्हाला ताप आहे का, ते बघणारा माणूस

शर्टाची बाही वर सरकवायची, गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. मग निकाल. "गार आहे. झोपू द्या." नाहीतर, "काकू, याला ताप आहे!" किडे वाढले की धान्य आतून गरम होतं, हे आम्हा मल्हारगंजातल्या बायकांना त्यांनीच शिकवलं.

सरकारी धान्यगोदामात ते तपासनीस होते. मध्य प्रदेश तेव्हा नवानवा होता, ऑफिसांच्या पाट्यासुद्धा कोऱ्या करकरीत. गल्ली त्यांना 'गोदामवाले' म्हणायची, तोंडावर मात्र 'भिया', म्हणजे भाऊ. रविवारी घरोघर फिरून ते कोठ्या तपासायचे, आणि घ्यायचे काय, तर एक कप चहा. बोलण्याच्या नादात तोही गार व्हायचा.

"भिया, काही औषध द्या ना," असं कुणी म्हटलं की झालंच! "औषध सबसे आखिर में! आधी कडक ऊन दाखवा. मग चाळा. एरंडेलाचा हात फिरवा, कडुनिंबाचा पाला घाला. कोठी भिंतीपासून लांब, विटांवर. उंदराचं बीळ बुजवा. एवढं करून किडे झाले तर मला शिव्या द्या."

आता माझा पराक्रम ऐका. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी भरलेल्या गव्हात सोंडे झाले. सासूबाईंनी वर्षभर ऐकवलं, "हिचा हातच किडका!" दुसऱ्या वर्षी मी मनाशी ठरवलं, यंदा एक किडा दिसता कामा नये. बाजारातून गुपचूप पांढरी पावडर आणली. दुकानदार म्हणाला, "चुटकीभर डालो बाईजी, सालभर की छुट्टी." मी चांगल्या दोन मुठी घातल्या. म्हटलं, धुऊन घेतला की जाईल. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

माझ्या मुलाचं उष्टावण ठरलं. खीर नव्या गव्हाची करायची म्हणून आदल्या दिवशी ती कोठी उघडायची होती. सासूबाईंनी गोदामवाल्यांना बोलावलं. त्यांनी झाकण काढलं, हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटं हुंगली. माझ्याकडे बघितलं.

"काकू," ते म्हणाले, "चूक माझी झाली. बियाण्याला लावायची पावडर मीच वहिनींना दिली होती. विष आहे ते. यातला दाणा कुणाच्या पोटात जाता कामा नये. गाईच्यासुद्धा नाही."

"मेल्या, माझ्या नातवाच्या जिवावर उठलास होय रे!" सासूबाईंचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. गल्ली दारात गोळा झाली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी पोराला कडेवर घेऊन शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, एकच. नाही बोलले.

गहू त्यांनी गाडीत घालून गावाबाहेर नेला, स्वतः उभं राहून खोल खड्ड्यात पुरला. त्यानंतर एकाही घराने त्यांना बोलावलं नाही. रविवारी ओट्यावर बसायचे, सकाळचंच वर्तमानपत्र दुपारी परत वाचायचे.

एकदा देवळात भेटले. मी विचारलं, "असं का केलंत तुम्ही?"

"वहिनी, मी दोन शिव्या खाऊन ऑफिसात जाणार. तुम्हाला त्याच घरात जन्म काढायचाय." मग म्हणाले, "बाळ काय म्हणतंय?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या चांगुलपणाचं ओझं आपल्याला पेलत नाही, आपण नजर चुकवतो. मी आठ वर्षं चुकवली. पुढे निवृत्त होऊन ते राजेंद्र नगरला राहायला गेले. सामानाच्या टांग्यापाशी मी गेले, आणि तोंडातून निघालं काय, तर "सांभाळून जा".

वर्षभराने ते वारल्याचं आमच्या ह्यांनी ऑफिसातून येऊन सांगितलं. त्या संध्याकाळी मी सासूबाईंसमोर बसले आणि सगळं ओकले. वाटलं, आता तोफ सुटणार. पण त्या म्हणाल्या, "अगं, मी त्या माणसाला मेल्या म्हटलं गं. आता माफी कुणाची मागू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या बायकोला भेटायला राजेंद्र नगरला गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "भाभीजी तो बेटे के साथ खंडवा चली गईं." सासूबाई पायरीवर टेकल्या. उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेली ती बाई, तिने पदर सारखा केला आणि त्या कुलपाला हात जोडले. म्हणाली, "भिया, चुकलं रे माझं."

मी तिच्या मागे उभी होते. चुकलं माझं होतं.